टीडीएस पेन की जंतुतपासणीच्या बाटल्या?

आठवी-नववीला 'दूषित पाणी आणि आजार' नुसतं फळ्यावर उरकायचं नाही, आणि शाळेकडे पैसे मात्र एकाच वस्तूपुरते आहेत, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. मी आधी टीडीएस पेन वापरलं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं छोटं यंत्र, मग बाटल्या.

पेनची सोय मोठी. बुडवलं की आकडा. एकदा घेतलं की सेल बदलण्यापलीकडे खर्च नाही, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात साठ पोरांचे नमुने होतात. पण नेमका तो आकडाच मला नडला. पोरांनी त्याची शर्यत केली. जारचं पाणी पहिलं, नळाचं दुसरं, बोअरचं नापास! खरं तर पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतं. हे मी सांगितलं, पण ऐकतंय कोण? शेवटी एका पोराला जारच्या पाण्यात मळका हात बुचकळायला लावला. आकडा जेमतेम हलला, म्हणजे जंतू पेनला दिसतच नाहीत. वर्ग गप्प झाला, तरी आठवड्याभरात एक पालक विचारायला आलेच, "सर, हप्त्यावर आरओ घेऊ का?" कमिशन न घेता मी आरओचा विक्रेता झालो होतो.

बाटल्यांची कटकट वेगळी. एक बाटली एकदाच चालते. आत आधीच औषध असतं, त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि 24 ते 48 तास थांबायचं. काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता. शक्यताच म्हणतो, कारण ही चाचणी जंतू मोजत नाही आणि काही बोअरच्या पाण्यात उगीचच काळं दाखवते. थंडीत वेळ जास्त लागतो. मार्चमधल्या सोलापुरात मात्र उबवणीच्या पेटीची गरज पडत नाही, कपाट पुरतं.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा पिंपं भरायची आणि पुढचे काही दिवस त्यावर काढायचे. म्हणून मी प्रत्येकाला दोन नमुने आणायला सांगितले: नळ सुटल्यावरचा आणि तिसऱ्या दिवशीचा पिंपातला. नळाच्या बऱ्याच बाटल्या तशाच राहिल्या, पिंपातल्या कितीतरी काळ्या झाल्या. एक मुलगी म्हणाली, "सर, आमचा तांब्या आत बुडतो ना, त्याचंच हे." मग क्लोरीन ओळखणारे ओटीचे (ऑर्थोटॉलिडीनचे) थेंब मी स्वतः टाकून दाखवले. नळाच्या पाण्याला पिवळी छटा आली, पिंपातल्याला नाही, म्हणजे तिथला क्लोरीन उडून गेलेला.

फ्लोराइड किंवा नायट्रेट शिकवायचं असेल तर दोन्ही निरुपयोगी. त्याला वेगळं तपासणी किट किंवा प्रयोगशाळा हवी. गावातल्या बोअरवर सगळा भर असेल तर कदाचित पेन बरं पडेल. माझं आता कपाटात असतं, क्षारांच्या धड्याला निघतं.

बाटल्या घेतल्यात तर नावं लिहू नका, नंबर टाका. पहिल्या वर्षी मी नावं लिहिली होती आणि काळ्या बाटलीवाल्याला दोन दिवस कुणी डबा दिला नाही. काळी बाटली पोरांना उघडू देऊ नका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ओता. आणि शक्य झालं तर सोबत वर्गात एक लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.