सोप्यातून गाळ्यात आलेला डंक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटी आणि नंगीवली चौक यांच्या दरम्यान आत शिरणाऱ्या एका गल्लीत चटणीचा एक जुना डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटण्याचे मुसळांचे यंत्र, आहे. त्याला पूर्वी पाटी नव्हती. आता पाटी आहे, पण तिच्यावरही 'मिरची-मसाला कांडप' एवढेच लिहिलेले असल्याने मलाही त्याचे नाव देता येत नाही. लग्न होऊन या पेठेत आल्यापासून, म्हणजे गेली बावीस वर्षे, आमच्या घरची वर्षाची चटणी मी तेथूनच कुटून आणते. मधले दोन उन्हाळे तेवढे सुटले. डंक ज्या कौलारू वाड्याच्या सोप्यात होता, तो वाडा पाडून तेथे चार मजल्यांची इमारत उभी राहत होती. ती पूर्ण झाली आणि यंदाच्या फेब्रुवारीपासून तळमजल्याच्या एका गाळ्यात डंक पुन्हा धडधडू लागला. जागा बदलल्यावर कामही बदलले का, हे पेठेतल्या बऱ्याच बायका मला विचारत असल्याने हे सविस्तर लिहिते आहे.

जुन्या जागेची आठवण सांगितल्याशिवाय नव्या जागेचे मोजमाप करता येणार नाही. दोन पायऱ्या चढून सोप्यात गेले की डाव्या अंगाला भिंतीलगत चार मुसळांचा डंक आणि समोर एक लांब, मधोमध खोलगट झालेले सागवानी बाकडे होते. त्या बाकड्यावर पदराने नाक झाकून पाच-सहा बायका आपापल्या पाळीची वाट पाहत बसत, आणि कोणाच्या डब्यात दगडफूल जास्त आहे, कोणी खोबरे भाजताना करपवले आहे, याची चर्चा शिंका आणि ठसक्यांच्या मधल्या मधल्या जागेत चाले. मी माझ्या सासूबाईंची चटणी केली, पण तिच्यात रामपत्री घालायची हे मला सासूबाईंनी नव्हे, त्या बाकड्यावरच्या एका अनोळखी आजींनी सांगितले. डंकवाले मामा कधी कोणाला घाई करत नसत. "बसा की वैनी, घाणा बदलतोय," एवढे त्यांचे एक वाक्य अर्ध्या तासाला पुरत असे.

वाडा पाडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या भागातल्या एका चकाचक दुकानात गेले. तेथे डंक नव्हता, पल्व्हरायझर होता. मिरची वरून टाकली की काही मिनिटांत खाली पीठ. वेळ वाचला म्हणून घरी येताना मला फार बरे वाटले. पण दुसऱ्या दिवशी बरणीत भरताना चटणीचा रंग विटेकडे झुकलेला दिसला, आणि वासात मिरचीपेक्षा गरम लोखंडच अधिक जाणवत होते. यात त्या दुकानदाराची काही लबाडी होती असे मी म्हणणार नाही. ते यंत्र अतिशय वेगाने फिरते, त्यात माल तापतो आणि मसाल्यातली सुवासिक तेले त्या उष्णतेने उडून जातात. शिवाय कांदा-लसणाचा ओलसर माल त्यात घातला तर ते तुंबते, त्यामुळे तेवढा भाग मला घरी मिक्सरवर वाटून हाताने कालवावा लागला, आणि हाताने कालवलेल्या चटणीत लसूण गाठीगाठीने राहतो. डंकाचे काम याच्या उलट असते. मोटरच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा मुसळे आळीपाळीने उचलतो, ती स्वतःच्या वजनाने उखळात पडतात, आणि माल घासला न जाता ठेचला जातो. वेळ लागतो, पण माल फारसा तापत नाही, आणि लसणाचा रस व खोबऱ्याचे तेल मिरचीच्या पुडीत मुरत जाते. कांदा-लसूण चटणी हाताला किंचित तेलकट लागली पाहिजे, असे आमच्याकडे म्हणतात, ते यामुळे.

यंदा मी मिरची नेहमीप्रमाणे लक्ष्मीपुरीतून घेतली: दोन किलो ब्याडगी आणि एक किलो जवारी. ब्याडगी रंगासाठी. ती मूळची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण तिखटपणात ती अगदीच सौम्य असते. तिखटासाठी आमच्या घरी गडहिंग्लजच्या बाजारातून येणारी संकेश्वरी जवारीच लागते. तिचा भाव ऐकून दरवर्षी मी दुकानातून दोनदा बाहेर येते आणि तिसऱ्यांदा घेते. देठ काढून तीन उन्हे दिली, धने, खोबरे आणि बाकीचा मसाला तेलावर परतला, कांदा उभा चिरून कुरकुरीत तळला, किलोला पाव किलो या हिशेबाने लसूण सोलला, आणि एका मंगळवारी सकाळी साडेआठला तीन डबे घेऊन गाळ्यासमोर उभी राहिले.

गाळा लहान आहे, दहा फूट रुंद असेल. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा लावलेल्या आहेत, वर पंखा बाहेर हवा फेकतो, आणि डंकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये काचेची एक आडभिंत आहे. जुन्या चार मुसळांपैकी दोन तीच आहेत, त्यांच्या लाकडावरची लालसर झिलई पाहून मी ती ओळखली. दगडी उखळाच्या जागी मात्र पोलादी उखळ आले आहे. मामा आता खुर्चीवर बसून पैशांचे पाहतात आणि डंक त्यांची सून चालवते. डोक्याला घट्ट फडके, नाकावर दुहेरी मास्क, हातात लांब दांड्याचे उलथने. मुसळ वर गेल्यावर ते खाली येण्याआधी कडेचा माल मध्ये लोटण्याचे जे काम तिच्याकडे आहे, ते पाहताना माझाच श्वास अडकत होता. तिचे लक्ष मुसळाकडे नसतेच. ती आवाजावर हात घालते, आणि धाड्‌ धाड्‌ या ठेक्यात एक जरी ठोका चुकीचा वाजला तरी तिचा हात आधीच मागे आलेला असतो.

आधी नुसती मिरची कुटून चाळली गेली, चाळणीवर राहिलेले जाड पुन्हा उखळात गेले, मग मसाला, आणि शेवटी कांदा, लसूण, कोथिंबीर व मीठ. या शेवटच्या टप्प्यावर चटणीचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. कोरडी असताना ती नारिंगी, धुळीसारखी दिसते. लसूण पडला की काळपट गोळे होतात, उखळाच्या कडेला चिकटतात, आणि आता बिघडली असे वाटत असतानाच दहा-पंधरा मिनिटांनी सगळे एकजीव होऊन खोल, ओलसर लाल रंग वर येतो. पूर्वी हे बाकड्यावरून वाकून पाहता येई, मध्येच चिमूटभर घेऊन चाखता येई, "मीठ थोडं वाढवा" म्हणता येई. काचेतून दिसते सगळे, पण वास येत नाही, आणि चटणी झाली की नाही हे माझ्या पिढीच्या बायका नाकानेच ओळखतात. मी काचेवर टकटक केली तेव्हा सुनेने चमच्यावर थोडी चटणी बाहेर आणून दिली. न मागता देत नाहीत, मागितली तर नाही म्हणत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

वजन आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर, तुमच्यासमोर होते. सहा किलो दोनशे ग्रॅम भरली. किलोला सत्तर रुपयांप्रमाणे ४३४ रुपये झाले, ते मोबाइलवरून दिले आणि मामांनी त्यांच्या सवयीने तरीही वहीत लिहून ठेवले. पूर्वी डब्याकडे पाहून मामा अंदाजाने आकडा सांगत आणि तो बहुधा आपल्याच फायद्याचा असे. तरी काट्याची पद्धत मला अधिक सरळ वाटते. अंदाजाचा फायदा ओळखीच्यांना होई आणि नवख्यांना होत नसे, हे बाकड्यावर बसून मी पाहिलेले आहे.

माझी खरी तक्रार डबे ठेवून जाण्याच्या सोयीविषयी आहे. "थांबायला जमत नसंल तर डबं ठेवून जावा, झाली की व्हॉट्सॲपवर कळवतो," असे मामा आता प्रत्येकाला सांगतात आणि बहुतेक नोकरदार बायका तसेच करतात. माझ्या जाऊबाईंनी मार्चमध्ये तसे केले. संध्याकाळी चटणी घरी आली, दिसायला उत्तम होती, पण ताटलीत पसरली तेव्हा लाल पुडीत पांढरे ठिपके दिसले. आमच्या घरी चटणीत तीळ घालत नाहीत. त्यांच्या आधीच्या घाण्यात तीळ होते आणि उखळ नीट पुसले गेले नव्हते, हे उघड होते. जुन्या सोप्यात प्रत्येक घाण्यानंतर मामा मूठभर खडे मीठ उखळात कुटून ते काढून टाकत आणि मुसळाला लागलेली चटणी करवंटीच्या तुकड्याने खरवडून ज्याची त्याला देत, कारण पुढच्या पाळीची बाई समोर बसून पाहत असे. बाकडे गेले आणि ही नजर गेली. आम्ही ताटली घेऊन परत गेलो तेव्हा सुनेने वाद घातला नाही. घाण्यांची घाई होती, मीठ कुटायचे राहिले, असे तिने सरळ कबूल केले आणि कांडपाचे निम्मे पैसे परत केले. चूक कबूल करणारे दुकान मी सोडणार नाही, पण डबे ठेवून जाणार नाही हेही ठरवले आहे. माझ्या वेळी मी समोर उभी होते, आणि मीठ कुटले गेले.

थांबायचे तर बसायचे कोठे, हा प्रश्न उरतो. बाकडे वाडा पाडताना जुन्या लाकडांबरोबर विकले गेले. आता पार्किंगच्या खांबालगत तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि पंखा ठसका नेमका तिकडेच फेकतो. इमारतीतल्या रहिवाशांचाही त्याला विरोध आहे. दुपारी एक ते चार डंक बंद ठेवावा लागतो, आणि हादरे वर जाऊ नयेत म्हणून यंत्राखाली जाड रबराचे पट्टे घातले आहेत. गंमत अशी की दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मामांच्याच वाट्याला आलेला आहे, आणि ठसक्याची तक्रार घेऊन पहिल्यांदा खाली आल्या त्या मामींच. सोप्यात ज्या बाईने तीस वर्षे हा ठसका सोसला, तिला तो लिफ्टच्या दारात सोसवेना. मला यात हसण्यासारखे काही वाटले नाही, दार लावून बसता येते हे कळल्यावर माणसाने का सोसावे?

गल्लीतला बदल एवढ्या एका इमारतीचा नाही. समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर आता मोबाइल दुरुस्ती आणि संध्याकाळी मोमोजची गाडी असते. पिठाच्या गिरणीच्या जागी काचेच्या दाराचे केशकर्तनालय आहे. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत चव तीच आणि कप निम्मा झाला आहे. येथून काही पावलांवर, खासबागेजवळ, १९१५ साली पूर्ण झालेले शाहू महाराजांचे पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले आणि ते योग्यच होते. वाड्यातला डंक उठला तेव्हा त्याची दखल घेणाऱ्या आम्ही चार बायका होतो, आणि आम्हीही चटणी आता कोठे कुटायची एवढ्याच चिंतेने. तरीही हा डंक परत आला, याचे श्रेय मामांपेक्षा त्यांच्या सुनेला द्यायला हवे. गाळा भाड्याने देऊन घरबसल्या पैसे मिळत असताना तिने यंत्र बसवण्याचा हट्ट धरला, असे मामा स्वतः सांगतात, काहीशा कुरकुरीने आणि बऱ्याचशा अभिमानाने.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा येथे फार गर्दी असते, तेव्हा सकाळी नऊच्या आत पोहोचावे किंवा सरळ फेब्रुवारीतच जावे, उन्हे तेव्हाही पुरेशी लागतात आणि वळवाची धास्ती नसते. दोन किलोपेक्षा कमी माल असेल तर घेत नाहीत, कारण एवढ्या मोठ्या उखळात तो नुसता उडतो. शेजारणीशी मिळून न्यावा, मात्र दोघींची चटणी एकाच चवीची असेल तरच.

माझी चटणी मी खाली हिंगाचे खडे घालून चिनी मातीच्या दोन बरण्यांत दाबून भरली आणि वर फडके बांधले. त्यातली लहान बरणी आता, चार महिन्यांनी, पावसाळ्याच्या ऐन दमट दिवसांत उघडली. गाठ धरलेली नाही, रंग उतरलेला नाही, आणि कालच्या आमटीला अर्ध्या चमच्याने तर्री आली. सासूबाईंनी पहिला घास घेऊन मीठ किंचित कमी असल्याचे सांगितले. काचेपलीकडून ते मला कळले नव्हते.