काखेतील पुरळ आणि ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ मलमातील स्टिरॉइड

काखेत लाल चट्टे उठले आणि खाज सुटली की मुंबईकडच्या दमट हवेत बहुतेक जण त्याला घामोळे समजतात आणि पावडर लावून मोकळे होतात. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्यांची काख दिवसभर ओलीच असते, त्यामुळे मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. पावडरीने भागेना, तेव्हा शेजारच्या इमारतीतील एका काकूंनी एका ‘आयुर्वेदिक’ उपचार केंद्राचा पत्ता दिला. त्यांचा स्वतःचा अनुभव चांगला होता आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. तो अनुभव चांगला का आला, हे मला पुढे कळले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, परंतु तेथील पद्धत तपशिलाने सांगते, कारण अशा डब्या ठिकठिकाणी विकल्या जातात.

तेथील गृहस्थांनी, ज्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत होते, चट्टा पाहण्याआधीच निदान सांगितले. “ताई, ही रक्तातली उष्णता आहे. आत साचलेला मळ बाहेर पडतोय. आपलं औषध पूर्ण वनस्पतींचं, साइड इफेक्ट शून्य.” हातात पांढऱ्या प्लास्टिकची एक डबी आली. तिच्यावर हिरवे स्टिकर, त्यावर तुळशीचे पान आणि ‘१०० टक्के वनस्पतिजन्य’ एवढीच अक्षरे होती. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, वापराची मुदत यांपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावरही या गोष्टी छापणे कायद्याने बंधनकारक आहे. झाकण उघडले की कापराचा वास येई. आतले मलम मात्र पांढरेशुभ्र आणि गुळगुळीत होते, त्यात ना तेलाचा अंश, ना कोणत्या वनस्पतीचा रंग. पावती मागितली तर “आपल्याकडे पावतीची पद्धत नाही” असे उत्तर मिळाले, आणि पैसे भरण्यासाठी पुढे केलेला क्यूआर कोड भलत्याच एका खासगी व्यक्तीच्या नावाचा निघाला.

मलम लावल्यावर एका रात्रीत खाज थांबली आणि लाली ओसरली. सगळा सापळा येथेच आहे, कारण इतका झटपट गुण आल्यावर माणूस विकणाऱ्यावर शंका घेत नाही, उलट आणखी चार जणांना पत्ता देतो. डबी संपली की खाज पूर्वीपेक्षा जोरात परत येई आणि नवी डबी घ्यावी लागे. चट्टे काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला आणि छातीखाली पसरले, तेव्हा “जुना मळ निघतोय, औषध काम करतंय” असे सांगण्यात आले. बरे वाटले तरी श्रेय औषधाचे आणि बिघडले तरी तेही औषधाचेच! पुढे काखेच्या कडेला जांभळट, लांबट वळ उमटले, तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी आधी विचारले, “काय लावत होतात?” मी डबी दाखवली. मग त्यांनी चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीचे तंतू होते. म्हणजे हा साधा गजकर्ण होता, पण त्याची ओळखीची उठावदार गोल कडा मलमाने पुसून टाकली होती.

काखेतील पुरळाचे कारण नेहमी एकच नसते, हे त्यांनी समजावून सांगितले. डिओडरंटमधील सुगंधी द्रव्याची ॲलर्जी बहुधा काखेच्या मधल्या खोलगट भागात दिसते, तर कपड्याच्या रंगाची ॲलर्जी तो भाग सोडून कडांना, जेथे कापड घासते तेथे उठते. कँडिडा या बुरशीने घडीत ओलसर लाली येते आणि तिच्याभोवती बारीक पुटकुळ्या विखुरतात. एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा संसर्ग तपकिरी डागासारखा दिसतो आणि वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, पोवळ्यासारखा लाल चमकतो. काळी, जाड, मखमली झालेली काख पुष्कळदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, तेथे मलमापेक्षा रक्तातील साखर तपासणे अधिक उपयोगाचे. एवढ्या वेगवेगळ्या तक्रारींवर त्या केंद्रात एकच डबी मिळत होती, त्यातले मलम पुढे स्टिरॉइडचे निघाले, आणि स्टिरॉइडने जवळपास कोणतीही लाली व खाज काही दिवस तरी दबत असल्यामुळे बहुतेकांना गुणही येत होता. काकूंना बहुधा ॲलर्जी असावी, म्हणून त्यांचे निभावले. माझ्या त्वचेत बुरशी होती, आणि स्टिरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबली की ती निर्धास्त पसरते.

उरलेले मलम मी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. अहवालात क्लोबेटासोल प्रोपिओनेट आले. त्वचेवर लावण्याच्या स्टिरॉइडांपैकी हे सर्वांत तीव्र गटातील. काखेची त्वचा पातळ, त्यात घडीमुळे झाकलेली. १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काखेतून ते हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे ३.६ पट अधिक शोषले गेल्याचे आढळले होते. अशा जागी क्लोबेटासोल महिनोन्महिने चोळले की त्वचा विरते आणि वळ पडतात. चिठ्ठीशिवाय ही मलमे सर्रास विकली जातात, म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली क्लोबेटासोलसह १४ स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या, कक्षेत आणली. निनावी डबीत भरल्यावर मात्र चिठ्ठीचा प्रश्नच उरत नाही.

उपचाराला वेळ लागला. मलम बंद करताच खाज उसळली, आणि तसे होणार याची कल्पना बाईंनी आधीच दिली होती म्हणून मी तग धरला. भारतात अलीकडे पसरलेली गजकर्णाची बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला अनेकदा दाद देत नाही, त्यामुळे त्यांनी इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या, सोबत ल्युलिकोनाझोलचे मलम दिले, आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही औषध मध्येच सोडू दिले नाही. घरातल्या सर्वांची त्वचा तपासली. टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले, काख कोरडी करूनच सुती कपडे घालायचे ठरले. चट्टे गेले. वळ फिके झाले आहेत, पण ते पूर्ण जाणार नाहीत असे बाईंनी स्पष्ट सांगितले आहे.

अहवाल घेऊन मी केंद्रात गेले, तेव्हा “तुम्ही बाहेरचं काहीतरी लावलं असेल” असे म्हणून त्यांनी हात झटकले. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात मी लेखी तक्रार दिली आहे. पावती नसल्याने यूपीआयची नोंद, डबीची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि त्या गृहस्थांचे व्हॉट्सॲपवरील संदेश जोडले. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या माहितीपुरता ठीक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार मात्र खरेदीदारालाही ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून विकत घेतलेले औषध तपासून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी नमुना लागतो, म्हणून कोणाकडे अशी डबी असेल तर ती रागाने फेकून देऊ नये.