लॅपटॉपला जादा पोर्ट: एक्स्प्रेसकार्ड, यूएसबी कन्व्हर्टर की थंडरबोल्ट?

भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) यंत्राला प्रोग्राम देण्यासाठी अजूनही आरएस-२३२ सिरियल केबलच लागते, आणि पुण्यातील कित्येक घरांत लग्नामुंजीच्या मिनीडीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) टेप कपाटात पडून आहेत. या दोन्ही कामांना लागणारे पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतात. ते बाहेरून जोडण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत: एक्स्प्रेसकार्डचा स्लॉट (जादा पोर्टचे छोटे कार्ड घालण्याची फट) असलेला जुना लॅपटॉप घेऊन त्यात कार्ड घालणे, कोणत्याही लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावणे, किंवा नव्या लॅपटॉपच्या थंडरबोल्ट या अतिवेगवान पोर्टचा उपयोग करणे.

एक्स्प्रेसकार्ड २००३ मध्ये आले. त्याच्या एकाच जोडणीत पीसीआय एक्स्प्रेसची (संगणकाच्या आतील भागांना थेट जोडणाऱ्या मार्गाची) एक लेन आणि यूएसबी २.० अशा दोन वाटा असतात. कार्डाने त्यांपैकी कोणती वापरायची हे कार्ड बनवणारा ठरवतो आणि खोक्यावर ते क्वचितच लिहिलेले असते. माझ्या मते वेगाच्या आकड्यांपेक्षा हीच गोष्ट आधी पाहायला हवी. स्लॉट ३४ आणि ५४ मिलिमीटर अशा दोन रुंदींचे असतात. ३४ चे कार्ड दोन्हींत बसते, मात्र ५४ च्या स्लॉटमध्ये ते थोडे हलते, आणि केबल ओढली गेली की संपर्क तुटू शकतो. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स२२० ला ५४ चा, तर टी४२० ला ३४ चा स्लॉट आहे. त्याआधीचे पीसी कार्ड हा वेगळाच प्रकार असून ते या स्लॉटमध्ये चालत नाही.

सिरियल पोर्टच्या बाबतीत पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी या दोन वाटांतील फरक सर्वांत जास्त जाणवतो. सेटिंग बदलण्यापुरते किंवा छोटा प्रोग्राम पाठवण्यापुरते काम असेल, तर चांगल्या चिपचा यूएसबी कन्व्हर्टर पुरेसा आहे आणि त्यासाठी जुना लॅपटॉप शोधत बसण्याची गरज नाही. परंतु यंत्राची मेमरी अपुरी असल्यामुळे लांबलचक प्रोग्राम तुकड्यातुकड्याने, काम चालू असतानाच पाठवावा लागतो, तेव्हा यंत्राने ‘थांब’ असा संकेत दिल्यावर लॅपटॉपने तत्काळ थांबणे आवश्यक असते. यूएसबीच्या वाटेवर मधल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठलेली अक्षरे त्यानंतरही पुढे जात राहू शकतात आणि यंत्र ओव्हररनची (अक्षरे झेपेनाशी झाल्याची) चूक दाखवून अडते. पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने चालणाऱ्या कार्डावर संगणकाच्या मूळ सिरियल पोर्टसारखीच चिप असते, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. मात्र काही स्वस्त सिरियल एक्स्प्रेसकार्डे आतून यूएसबीच्याच वाटेवर चालतात. म्हणजे वेगळ्या आकाराचा तोच कन्व्हर्टर जास्त पैसे देऊन घेतल्यासारखे होते. कन्व्हर्टरच घ्यायचा ठरला, तरी नकली चिपपासून सावध राहावे: प्रॉलिफिक या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिप नाकारतो, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावाऐवजी ती चिप २०१२ पासून बंद झाल्याची ओळ दिसते.

मिनीडीव्हीसाठी तर यूएसबीचा विचारच सोडावा. कॅमेऱ्यातील मूळ डिजिटल चित्रण जसेच्या तसे उतरवायचे असेल तर फायरवायर (अशा कॅमेऱ्यांची डिजिटल जोडणी) हवे, आणि एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला फायरवायरचा प्लग असलेली जी स्वस्त केबल विकली जाते ती केवळ प्लगचा आकार बदलते, काम करत नाही. कॅमेऱ्याला स्वतःचा यूएसबी पोर्ट असला, तरी तो बहुधा फोटोंपुरताच असतो. येथे फायरवायरचे एक्स्प्रेसकार्ड स्पष्टपणे सरस ठरते. वेगाची अडचण नाही, कारण तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो आणि त्याची सुमारे १३ जीबीची फाइल होते. थंडरबोल्टवरूनही फायरवायर मिळवता येते, पण त्यासाठी ॲडॉप्टरला ॲडॉप्टर जोडावे लागतात, ॲपलने स्वतःच्या ॲडॉप्टरची विक्री थांबवली आहे आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधारही काढून टाकला आहे.

जुन्या लॅपटॉपला यूएसबी ३.० मिळावे म्हणून कार्ड घेऊ नये. मूळ एक्स्प्रेसकार्डची लेन सेकंदाला २.५ गिगाबिटची, तर यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, म्हणजे निम्मा वेग तिथेच जातो. शिवाय स्लॉटमधून ५ व्होल्ट मिळत नाहीत, त्यामुळे पोर्टेबल हार्ड डिस्क फिरवण्यासाठी कार्डाला बहुधा वेगळी वीज द्यावी लागते. तेच पैसे आतल्या एसएसडीवर खर्च करावेत.

नवा लॅपटॉप घेणारच असाल आणि बाहेरचे ग्राफिक कार्ड किंवा वेगवान डिस्क जोडायची असेल, तर थंडरबोल्ट पोर्ट असलेला घ्यावा. थंडरबोल्ट ३ चा वेग ४० गिगाबिटपर्यंत जातो. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे थंडरबोल्ट आहे असे मात्र समजू नये. पोर्टजवळ विजेची खूण आहे का ते पाहावे आणि मॉडेलच्या तपशिलाशी पडताळावे.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत किंवा इतरत्र दुकानातून एक्स्प्रेसकार्ड घेताना आपला लॅपटॉप सोबत न्यावा, कार्ड तिथेच घालून पाहावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये जोडणीनुसार मांडणी निवडावी. कार्ड यूएसबी हबखाली दिसले, तर सिरियल कामासाठी ते घेऊ नये.