नेपाळ की केनिया? परदेशात सेवाकार्याला जाऊ इच्छिणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक आढावा

परीक्षा संपल्यावर काही आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करायचे ठरले, तर कोल्हापूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने नेपाळ निवडावा की केनिया, याचा विचार येथे केला आहे. दोन्ही देशांत शाळा, आरोग्य आणि शेती या क्षेत्रांत कामे मिळतात. मात्र खर्चाचा हिशेब मांडण्याआधी, आपण जे काम करणार आहोत ते करणारा माणूस तेथील लोकांना खरोखर हवा आहे का, हे पाहिले पाहिजे. 2019 च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा नुसत्या सदिच्छेने आलेल्या माणसापेक्षा बोट चालवता येणारा, औषधोपचार जाणणारा किंवा बंद पडलेली पाणीयोजना सुरू करू शकणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, हे आपल्या जिल्ह्याने अनुभवले आहे. परदेशातील गावांनाही हाच नियम लागू पडतो.

पहिला मुद्दा सुट्टीचा, कारण बहुतेक बेत याच ठिकाणी फसतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीच्या आसपासच नेपाळमध्ये दशैं आणि तिहार हे सण येतात आणि त्या काळात तेथील शाळा व कचेऱ्या बंद असतात; केनियात शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते आणि त्यानंतर मोठी सुट्टी लागते. त्यामुळे शाळेत शिकवायचे असेल तर दिवाळीची सुट्टी दोन्हीकडे फारशी कामाची नाही. मे आणि जूनचा पूर्वार्ध नेपाळसाठी सोयीचा आहे; जूनच्या मध्यानंतर तेथे पाऊस सुरू होतो आणि डोंगरातील रस्ते दरडींमुळे बंद पडू लागतात. केनियातील मोठा पाऊस मार्च ते मे असतो, म्हणून ज्यांच्या परीक्षा लांबतात त्यांना जून-जुलैमध्ये केनियाच सोयीचा ठरतो.

कागदपत्रांच्या बाबतीत नेपाळ निर्विवाद सोपा आहे. 1950 च्या मैत्री करारामुळे भारतीयांचे तेथे येणे-जाणे मोकळे असून व्हिसा लागत नाही. तरीही एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. विमानाने जाताना प्रौढ भारतीयांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्ड चालत नाही. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मतदार यादीत नाव न घातलेल्या विद्यार्थ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. केनियासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा आणि जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी तेथील सरकारची ऑनलाइन प्रवासपूर्व परवानगी शुल्क भरून घ्यावी लागते. पर्यटक म्हणून प्रवेश मिळाला म्हणजे काम करण्याची मुभा मिळाली, असे मानू नये. विनावेतन सेवेलाही वेगळा परवाना लागू शकतो आणि तो कोण काढणार, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्यावे. पासपोर्टसाठी कोल्हापुरातच टपाल खात्याच्या केंद्रात अर्ज करता येतो. प्रौढांसाठी 36 पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क 1500 रुपये आहे.

आरोग्याच्या तयारीत फरक सर्वांत मोठा आहे. केनिया पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, प्रदेशात मोडतो. वैध प्रमाणपत्राशिवाय तेथून भारतात परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते आणि एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते; त्यामुळे मुंबई किंवा पुण्याच्या केंद्राची तारीख तिकिटाआधी ठरवावी. किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला हिवताप मोठ्या प्रमाणावर असल्याने प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. नेपाळात काळजी उंचीची. काठमांडू सुमारे 1400 मीटरवर आहे आणि तेथे त्रास होत नाही. परंतु दुर्गम पहाडी गावात नेमणूक असेल तर टप्प्याटप्प्याने चढावे आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च विम्यात समाविष्ट आहे का, हे पाहून घ्यावे. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही समजूतही सोडून द्यावी: नैरोबी काठमांडूहूनही उंच, जवळपास 1800 मीटरवर आहे आणि जुलैतल्या तेथील सकाळी स्वेटरशिवाय निभत नाहीत.

सामान भरताना घरची माणसे भडंग, चटणी, लाडू कॅरीबॅगमध्ये गुंडाळून देतात. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे, म्हणून खाऊ डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावा. नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी 1.6 असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा जातो. तेथे शंभरापर्यंतच्या नोटा बाळगणे सोयीचे, कारण मोठ्या भारतीय नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. भाषेचा प्रश्न दोन्हीकडे सुटतो. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते आणि हिंदी पुष्कळांना समजते, तर केनियात शाळांतून इंग्रजी आहे.

कोणत्याही देशातील अनाथालयात अल्पमुदतीच्या सेवेचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, असे माझे ठाम मत आहे. नेपाळच्या बालगृहांतील बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे वारंवार दिसून आले आहे, आणि पाहुण्यांकडून पैसा येतो म्हणून मुले घरापासून दूर ठेवली जाण्याचा धोका असतो. दोन-तीन आठवड्यांत लळा लावून निघून जाणारी माणसे त्या मुलांचे नुकसानच करतात.

पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अनुभव असलेल्या आणि तीन-चार आठवडेच हाती असलेल्या विद्यार्थ्याने नेपाळ निवडावा, कारण गोरखपूर व सोनौलीमार्गे जमिनीवरूनही जाता येत असल्याने वाचलेला पैसा कामाच्या ठिकाणी वापरता येतो. शेती, परिचर्या किंवा स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि दोन महिने देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला केनियात शिकण्यासारखे आणि देण्यासारखे अधिक आहे. मात्र इतक्या लांब केवळ दहा दिवसांसाठी जाणे मला योग्य वाटत नाही.

निर्णय कोणताही असो, यजमान संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: हे काम एरवी तेथील कोण करते, आम्ही परतल्यावर ते कोण पुढे नेणार आहे आणि आमच्याकडून घेतलेल्या रकमेतील किती भाग गावापर्यंत पोहोचतो. या प्रश्नांची नेमकी उत्तरे लेखी हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.