छपाई यंत्रांची रंगवायची चित्रं : काही महिने वापरून झाल्यावर

रंगवायच्या चित्रांचा हा पीडीएफ संच मी भाचीसाठी विकत घेतला. त्यातल्या ट्रेडल मशीनच्या (पायाने चालवायच्या छपाई यंत्राच्या) पानावर फर्म्यातली, म्हणजे छपाईसाठी जुळवून चौकटीत बसवलेली, अक्षरं सुलट काढली आहेत. मुख्यतः हे सांगायलाच लिहायला बसले. संचात काय काय आहे, पीडीएफ कुठून उतरवायची, हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे तिकडे वळत नाही.

खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, उलटा असतो, म्हणून कागदावर अक्षर सुलट उमटतं. खिळ्यांच्या छपाईतली ही पहिली गोष्ट, आणि मुलांसाठी काढलेल्या चित्रात नेमकी तीच चुकली आहे. माझे वडील जुळारी होते, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करायचे. डाव्या हातात स्टिक (खिळे जुळवायची पट्टी) धरून उजव्या हाताने केसमधले (खणांच्या पेटीतले) खिळे ते न बघता उचलायचे आणि जुळवलेली उलटी ओळ घडाघडा वाचून दाखवायचे. त्यांच्या कामाचं चित्र माझी भाची रंगवते आहे, ते बरोबर असावं एवढीच माझी अपेक्षा होती.

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, 'मुलांना वाचता यावं म्हणून अक्षरं सुलट ठेवली आहेत.' मी लिहिलं, मग शेजारी छापलेला कागद काढा, मुलं तो वाचतील. त्यावर शांतता. पैसे परत मागितले तर पीडीएफला परतावा नाही म्हणाले. 149 रुपये गेल्याचा राग आहेच, पण 'मुलांना काय कळतंय' या वृत्तीचा राग त्याहून जास्त आहे.

बाकी तेच पान चांगलं आहे, हेही सांगायला हवं. वरची शाईची गोल तबकडी, तिच्यावरून फर्म्यावर उतरणारे रूळ, बाजूचं मोठं चाक, खाली पायटा, सगळं जागच्या जागी आहे. दर छापाला तबकडी थोडी फिरते आणि रुळांना शाई सारखी लागते, त्यासाठी बाणही दाखवला आहे. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या लाकडी प्रेसचं पानही तसंच नेटकं: एक माणूस चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांना शाई लावतोय, दुसरा दांडा ओढतोय. घरगुती प्रिंटरची पानं मात्र भरताड आहेत. चौकोनी खोकं, एक ट्रे, दोन बटणं; त्यात रंगवायचं काय? ती मी छापतच नाही.

छापण्यावरून आठवलं. 'रेघा फुटतात' अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली आहे. तो दोष संचाचा नाही, शाईचा आहे. आमच्या इंकजेटची काळी शाई पाण्याने सुटणारी आहे. वरून स्केचपेन फिरवला की रेघ पसरते, पिवळा तर लगेच मळकट हिरवा होतो. शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) असेल तर हा त्रास पुष्कळ कमी. माझा उपाय स्वस्त आहे: घरी एकच प्रत काढायची आणि बाकीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणायच्या. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, उष्णतेने कागदावर पक्की बसवलेली. तिच्यावर पाण्याचे रंगसुद्धा चालतात, रेघ हलत नाही. आमच्याकडे पानाला 2 रुपये पडतात, घरची शाई वाचते ती वेगळीच. कागद तेवढा जाडसर, 100 जीएसएमचा न्या. साध्या 70 च्या कागदाला ब्रश लागला की पोपडे निघतात.

पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर 'घेऊ नका' म्हणाले असते. ऑफसेटच्या (रंगीत छपाईच्या मोठ्या यंत्राच्या) पानाने मत बदललं. आधी ते फार गुंतागुंतीचं वाटून बाजूला ठेवलं होतं. दर रंगाचं एक अशी चार युनिटं ओळीने आहेत: काळं, निळं, किरमिजी, पिवळं. भाचीने एकेक युनिट त्या त्या रंगाने भरलं, आणि शेवटच्या कागदावरचं पोपटाचं चित्र हिरवं कुठून झालं हे तिचं तिनेच सांगितलं. आणखी एक गोष्ट: इथे प्लेटवरची (छपाईच्या पत्र्यावरची) अक्षरं सुलट आहेत, ब्लँकेटवर (मधल्या रबरी थरावर) उलटी, कागदावर पुन्हा सुलट. ऑफसेटमध्ये अगदी असंच असतं, कारण प्लेट कागदाला थेट टेकत नाही. म्हणजे चित्रकाराला उलटसुलट पक्कं माहीत आहे! मग ट्रेडलवरच का घालवलंत?

शेवटी ते पान मीच दुरुस्त केलं. कागदाच्या पट्टीवर जाड पेनने 'शुभ दीपावली' लिहिलं, पट्टी खिडकीच्या काचेवर पालथी धरून मागून गिरवली, फर्म्यावर चिकटवली आणि झेरॉक्स काढली. भाचीने पान आरशासमोर धरून वाचलं. तेव्हापासून ती रबरी शिक्का दिसला की आधी त्याचा तळ बघते. "मावशी, हासुद्धा उलटाच!"

संचात शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्राचं, पान नाही, ही दुसरी मोठी उणीव. आपल्या देशात छपाई 1556 साली गोव्यात आली, पण मराठी घरांत छापील पंचांग पोचवलं ते गणपत कृष्णाजींनी, 1841 मध्ये, मुंबईत, दगडावर छापून. रविवर्मांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रंही दगडावरूनच निघाली, दर रंगाला वेगळा दगड. रंगवायच्या पुस्तकाला याहून चांगला विषय कुठला? मराठी नावं घालून संच विकता, तर हे पान हवंच.

घ्यावा का? ट्रेडल, गुटेनबर्ग आणि ऑफसेट या तीन पानांसाठी घ्या, सवलत असेल तेव्हा. विकणाऱ्याने आता 'पुढच्या आवृत्तीत बघू' असं कळवलंय. सुधारलेली फाइल जुन्या गिऱ्हाइकांना फुकट मिळणार का, हे मी विचारलं आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.