वेल्डिंगमध्ये करिअर: वाळूजची नोकरी की पीएचडीची वाट?

मेकॅनिकलची पदवी हातात आली की आपल्याकडच्या पोरांपुढे दोन वाटा असतात. एक कंपनीच्या बसने छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत जाते. दुसरी एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा देऊन थेट तिरुचिरापल्लीला, तिथल्या एनआयटीत वेल्डिंग इंजिनिअरिंगचं एम.टेक. करायला. मी चार वर्षं वाळूजला काढली आणि मग पीएचडीला गेलो, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

कंपनीत प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटावा लागतो. ब्लो होल (जोडात वायू अडकून पडलेली छिद्रं) आले तर गॅसचा फ्लो बघा, पत्र्यावर तेल राहिलंय का बघा, नोझल साफ करा, लाइन चालू. हात यातच तयार होतो. पण ‘का’ विचारायला कुणाला सवड नसते. एकदा जाड प्लेटचा एक जोड वरून अगदी देखणा दिसत होता. आडवा कापला, पॉलिश पेपरवर घासला, नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक आम्ल) लावलं. मूळ धातूचा उष्णतेने बदललेला पट्टा काळसर उमटला आणि त्यात केसाएवढा तडा दिसला. साहेब म्हणाले, प्रीहीट, म्हणजे जोडण्याआधी प्लेट तापवणं, वाढवा. वाढवलं, तडे थांबले. माझ्या डोक्यातून मात्र तो तडा गेला नाही.

संशोधनात असा एक तडा वर्षभर पुरतो. तडा पाडणारा हायड्रोजन आला कुठून, वेल्डिंगचा रॉड ओला होता का, जोड किती वेगाने थंड झाला, मार्टेन्साइट (पोलाद झपाट्याने थंड झालं की बनणारी कडक, ठिसूळ रचना) किती कठीण बनलं. 1991 मध्ये इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत धातू न वितळवता जोडणारं फ्रिक्शन स्टर वेल्डिंग निघालं. ॲल्युमिनियमचे जोड त्याने सोपे केले. आज बॅटरीच्या गाड्यांत तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचं आहे, मध्ये ठिसूळ थर तयार होतो. काम भरपूर पडलंय.

आता पैशाचं. एम.टेक.ला गेटवर महिना 12,400 रुपये. पीएचडीला पहिली दोन वर्षं जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती महिना 37,000, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. सरकारी संस्थेत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून. पण कायम जागा फार थोड्या निघतात. माझा एक मित्र पीएचडी होऊनही तासिका तत्त्वावर शिकवतो आणि त्याचं मानधन महिनोन् महिने अडकतं. हे बघून जीव तुटतो. घरी कोरडवाहू सोयाबीन आणि डोक्यावर पीककर्ज असेल तर पाच वर्षं कमी पैशात काढणं सोपं नाही. अशा वेळी कंपनीत राहून इन्स्पेक्शनचं सर्टिफिकेट करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ज्यांना जमतं त्यांनीही आधी दोन वर्षं शॉप फ्लोअरवर काढावीत. वेल्डिंगची टॉर्च हातात न धरलेला संशोधक आलेखावर लगेच विश्वास ठेवतो, हे मी प्रयोगशाळेत पाहिलंय.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या वर्कशॉपमधला एखादा जोड कापून सरांसमोर त्याचा मॅक्रो स्वतः काढा, म्हणजे कापलेली बाजू घासून, नायटल लावून नुसत्या डोळ्यांनी बघा. पट्टा उमटल्यावर तुम्हाला आधी सेटिंग बदलावंसं वाटतं की सूक्ष्मदर्शक मागावासा वाटतो, ते बघा.