जुना राऊंड बेलर घेतला त्याला आठ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत जुना मिनी राऊंड बेलर घेतला, म्हणजे रानातलं काड उचलून त्याच्या गोल गाठी बांधणारं, ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र. तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, परवडतो का म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

आम्ही राहाता तालुक्यातले, सहा एकर रान, त्यात अडीच एकर गहू, बाकी ऊस आणि घास, गोठ्यात नऊ गाई. हार्वेस्टर आल्यापासून गहू एका तासात घरात येतो पण काड रानात पडून राहतं, गोळा करायला माणूस मिळत नाही आणि पेटवून द्यायचं तर जीवावर येतं कारण तेच काड पुढं मे महिन्यात विकत घ्यावं लागतं. नव्या बेलरचं कोटेशन साडेतीन लाखाच्या वर आलं. नव्याला अनुदान मिळू शकतं, जुन्याला मिळत नाही, हे माहीत होतं, पण गहू काढणीवर आलेला आणि अर्जाची वाट बघत बसायला वेळ नव्हता. जुना 1 लाख 60 हजाराला मिळाला, दोन सीझन चाललेला (असं विकणारा म्हणाला, चेन बघून मला तरी चार वाटले).

आता माझी चूक सांगतो. बघायला गेलो तेव्हा त्याच्या दारात ट्रॅक्टरला जोडून पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा दांडा) टाकला, सगळं गोल फिरतंय, आवाज नाही, रंग नवा, आम्ही खूश. पण रिकामा बेलर कुणाचाही चांगलाच वाटतो हो. खरा लोड येतो तो गाठ पूर्ण भरत आली की, तेव्हा रोलर दाबले जातात, चेन ताणली जाते आणि मग बेअरिंगचं खरं रूप दिसतं. पहिल्याच दिवशी अकराव्या गाठीला चेन सुटली, दुपारनंतर एका बेअरिंगच्या घरावर हात ठेववेना इतकं तापलं. चार बेअरिंग, एक चेन, दोन स्प्रॉकेट, पिकअपचे (काड उचलणाऱ्या भागाचे) सात दाते, मागच्या दाराच्या लॉकला वेल्डिंग, सगळं मिळून 31 हजार गेले. म्हणून कुणाला घ्यायचाच असेल तर गंजीतलं दोन ट्रॉली काड तिथं पसरा, वीस गाठी काढा आणि लगेच प्रत्येक बेअरिंगला हात लावून बघा, अर्थात पीटीओ बंद करून. विकणारा याला तयार नसेल तर चहा पिऊन परत या.

दुरुस्तीनंतर मात्र मशीन चांगलं चाललं. गाठ दोन फूट जाड, तीन फूट लांब, गव्हाची असली तर पंधरा ते अठरा किलो, आई एकटी गव्हाणीपर्यंत नेते. एकरी पंचावन्न-साठ निघाल्या. आमचा ट्रॅक्टर 42 एचपी, त्याला काही जड गेलं नाही. चालवायची सवय व्हायला दोन दिवस लागतात, कारण काडाच्या ओळीवरून सरळ नाकासमोर गेलं की गाठ मधेच फुगते आणि कडा ढिल्या राहतात, थोडं डावीकडं थोडं उजवीकडं असं नागमोडी घ्यावं लागतं. भावानं पहिल्या दिवशी काढलेल्या गाठी गाजरासारख्या होत्या, अजून चिडवतो आम्ही.

सुतळीचं बघा. यात चौकोनी बेलरसारखं सुतळीला गाठ मारायचं किचकट यंत्र नाही, सुतळी नुसती गुंडाळली जाते, ते बरं आहे. स्वस्त म्हणून आधी प्लास्टिकची वापरली, पण गाईच्या तोंडातून वीतभर तुकडा ओढून काढला त्या दिवसापासून तागाचीच. उंदीर कुरतडतात, तुटते, पण पोटात गेली तर तेवढी भीती नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला अवकाळी झाला आणि मला घाई. तिसऱ्या दिवशी वरून वाळलेलं दिसलं म्हणून बांधून टाकलं. आठ दिवसांनी गाठीत हात घातला तर आत गरम आणि पांढरी बुरशी. तीस-पस्तीस गाठी उकिरड्यात. आता काड मुठीत पिळून बघतो, कडकड मोडलं तरच बांधायचं, नाहीतर अजून एक ऊन.

उसाच्या पाचटाच्या नादाला लागू नका, निदान जुन्या मिनी बेलरवर तरी. एका ओळखीच्याच्या आग्रहानं एक एकर घेतलं, पात्या रोलरच्या टोकाला इतक्या गुंडाळल्या की कोयत्यानं तोडत बसलो आणि खडे आले ते वेगळंच. पात्या तोडल्या तेही ट्रॅक्टर पूर्ण बंद करून, चावी खिशात ठेवून, हे लहान पोरांना पण बजावून ठेवलंय. तसंही खोडव्यात पाचट रानातच पडलेलं चांगलं.

शेजारपाजारचं काम गाठीला 30 रुपयांनी केलं, 1,100 गाठी झाल्या, डिझेल, सुतळी, पोराची मजुरी जाऊन 17 हजार राहिले. म्हणजे दुरुस्तीचे सुद्धा निघाले नाहीत अजून. पण यंदा मे-जूनमध्ये काड विकत घेतलं नाही, गेल्या वर्षी त्यालाच 40 हजार गेले होते. ज्याच्याकडे गाई नाहीत त्यानं माझ्या हिशोबानं घेऊ नये, भाड्यानं काढून घ्यावं.

सध्या बेलर शेडमध्ये आहे, चेनला जुनं ऑइल लावून ताडपत्री टाकलीय. पावसाळ्यात चेंबरमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती, त्यामुळं ग्रीसिंग महिनाभर लांबलं.